प्लॅस्टिकला लवकर म्हातारं कसं करायचं?

होस्टेलच्या कुठल्याही खोलीत एकदा नीट नजर फिरवा. पांढरा म्हणून बसवलेला स्विचबोर्ड सायीच्या रंगाचा झालेला असतो. लॅबमधल्या जुन्या की-बोर्डची स्पेसबार एका रंगाची, बाकीची बटणं दुसऱ्याच रंगाची. गच्चीवर पडलेली बादली उचलायला जावं तर कडी हातात येते आणि बादली खाली राहते. या सगळ्याला काही वर्षं लागतात. पण ज्याला पुढच्या सहा महिन्यांत माल बाजारात आणायचा आहे, त्याने दहा वर्षं थांबायचं कसं? म्हणून प्रयोगशाळेत प्लॅस्टिकला मुद्दाम, घाईने म्हातारं करतात. आपण त्याला एजिंग टेस्ट म्हणतो.

यंदा प्रोजेक्टसाठी मी हाच विषय घेतला. त्यातून एक गोष्ट पक्की झाली, ती सगळ्यांना सांगावीशी वाटते. प्लॅस्टिक पिवळं करणं सोपं आहे, खऱ्यासारखं पिवळं करणं अवघड. कार्बाइडने पिकवलेला हापूसही पिवळाच दिसतो, पण अढीतल्या आंब्याची चव त्याला येते का? इथेही तसंच आहे.

पिवळेपणा येतो कुठून?

मित्रांनो, पिवळेपणा म्हणजे वरून बसलेली धूळ नव्हे. प्लॅस्टिकच्या रेणूत बदल होऊन तो निळा प्रकाश शोषायला लागला, की उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. हा बदल प्रत्येक प्लॅस्टिकमध्ये वेगळ्या वाटेने होतो.

पीव्हीसी तापलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघून जातो आणि साखळीत एकाआड एक दुहेरी बंध तयार होतात. असे सहा-सात बंध ओळीने आले की पिवळी झाक दिसू लागते. बाहेर पडलेला हायड्रोजन क्लोराइड पुढच्या विघटनाला आणखी जोर देतो. एबीएसमध्ये ब्यूटाडाइनचा रबरी भाग असतो, त्यातल्या दुहेरी बंधांवर ऑक्सिजन आधी हल्ला करतो. पॉलिकार्बोनेटमध्ये अतिनील किरणांनी साखळीतल्या जोडण्यांचीच फेरमांडणी होते. शिवाय रंग, स्थिरक वगैरे भर घातलेली असते ती निराळीच. म्हणून एकाच की-बोर्डचे दोन भाग वेगवेगळे पिवळे होतात.

पहिला रस्ता : उष्णता

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे ओव्हन. तापमान १० अंशांनी वाढलं की वेग दुप्पट, हा नियम आपण बारावीपासून ऐकतो. पण तो अंदाज आहे, कायदा नव्हे. खरा हिशेब आर्हेनियसच्या १८८९ च्या समीकरणाने करायचा आणि त्यात सक्रियण ऊर्जा लागते.

गंमत इथेच आहे. समजा नमुना ७० अंश सेल्सिअसला १००० तास ठेवला आणि ३० अंशांवरचं आयुष्य काढायचं आहे. सक्रियण ऊर्जा ५० किलोज्यूल प्रति मोल धरली तर वेग सुमारे १० पट होतो, म्हणजे जवळपास १४ महिने. तीच १०० किलोज्यूल धरली तर वेग सुमारे १०० पट, म्हणजे साडेअकरा वर्षं! ओव्हन तोच, नमुना तोच, फक्त कागदावरचा एक आकडा बदलला. म्हणून ही ऊर्जा गृहीत धरायची नाही. तीन-चार तापमानांना चाचणी घेऊन आलेखाच्या उतारावरून ती काढायची.

आणि घाई झाली म्हणून तापमान वाटेल तेवढं वाढवता येत नाही. पीव्हीसी साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं. त्याच्यावर गेलात तर तुम्ही वेगळ्याच अवस्थेतल्या पदार्थाची परीक्षा घेताय.

दुसरा रस्ता : उजेड

उन्हातल्या वस्तूसाठी नुसता ओव्हन पुरत नाही. तापलेल्या पीव्हीसीला आलेला पिवळेपणा ऊन आणि ऑक्सिजन मिळून काही अंशी पुसूनही टाकतात. म्हणजे ओव्हनमधला तुकडा आणि गच्चीवरचा तुकडा दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

म्हणून झेनॉन दिव्याचे किंवा अतिनील फ्लुरोसंट नळ्यांचे कक्ष वापरतात. नळ्यांच्या कक्षातलं एक नेहमीचं चक्र असं : ६० अंशांवर ८ तास उजेड, मग ५० अंशांवर ४ तास अंधारात दव. दिवस-रात्रीची ही नक्कलच.

नळी कोणती, हे मात्र बघायला हवं. जमिनीवर पोचणारा सूर्यप्रकाश साधारण २९५ नॅनोमीटरपासून सुरू होतो. यूव्हीए-३४० नळी अतिनील भागात त्याच्याशी चांगली जुळते. यूव्हीबी-३१३ नळी त्याहून आखूड लहरीही सोडते. निकाल लवकर मिळतो, पण जे किरण गच्चीवर कधी येतच नाहीत त्यांनी झालेलं नुकसान आपण मोजत बसतो. कधीकधी तर चांगलं प्लॅस्टिक नापास आणि साधं पास, असा उलटा निकालही लागतो.

पिवळं म्हणजे कमजोर का?

तसं नाही. पिवळा स्विचबोर्ड अजून दणकट असू शकतो. उलट पॉलिप्रॉपिलीनची खुर्ची फारशी पिवळी न होता ठिसूळ होते आणि बसणारा आपटतो. म्हणून पिवळेपणा निर्देशांकाबरोबर ताणाची आणि आघाताची चाचणी हवीच. आपली काळी पाण्याची टाकी उन्हात टिकते ती काजळीच्या भुकटीमुळे. ती अतिनील किरण स्वतः शोषून घेते. पाइपच्या पॉलिइथिलीनमध्ये तर ती साधारण २ ते ३ टक्के घालतात.

प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

एकाच घाण्यातले निदान पाच तुकडे प्रत्येक चाचणीला घ्या. काही तुकडे अंधारात, थंड जागी जपून ठेवा, तुलना त्यांच्याशी करायची. ज्याचं खरं आयुष्य आधीच माहीत आहे असा एक जुना, परिचित माल सोबत ठेवा. थोडे तुकडे गच्चीवरही बांधा आणि ज्युनिअर्सना सांगून जा. पीव्हीसी खोलीतल्या हीटरवर तापवू नका, निघणारा वायू घशाला आणि डोळ्यांना झोंबतो. अतिनील दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका.

उद्या नोकरीत कुणीतरी तुमच्यासमोर कागद ठेवेल, '१००० तास चाचणी, म्हणजे १० वर्षांची खात्री'. त्या टाक्या, पाइप, खुर्च्या तुमच्या सहीने विकत घेतल्या जाणार असतील. सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा : तापमान किती? दिवा कोणता? आणि तासांची वर्षं केलीत, ती कोणत्या आकड्याने? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर पेन खिशातच राहू द्या.