नॅस्टर्शियमचे लाड करू नकोस

पोरी, नॅस्टर्शियम लावायचं म्हणतेस तर बियांच्या पाकिटावरचं ‘वसंतात पेरा’ हे आधी विसर. ते थंड मुलखासाठी लिहिलेलं असतं. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतलं. आपल्या बाळापुरात मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, तिथं ते टिकायचं नाही. कोजागिरी उलटून उन्हाचा तडाखा ओसरला की पेर. संक्रांतीच्या सुमारास फुलं धरतील, होळीपर्यंत खायला मिळतील.

बी हरभऱ्याएवढं, सुरकुतलेलं आणि टणक. रात्रभर भिजत घाल, सकाळी अर्धा इंच खोल पेर आणि नीट झाक. अंधारातच ते चांगलं रुजतं. पेरायचं ते थेट मोठ्या कुंडीत, कारण मूळ हललेलं त्याला खपत नाही. दहा-बारा इंची कुंडीला दोन-तीन बिया पुष्कळ.

आता माती. नुसती काळी माती भरू नकोस. ती पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. एक भाग काळी माती, एक भाग रेती, एक भाग बारीक मुरूम, वर मूठभर जुनं शेणखत, बस्स. युरिया, ढेप काही नको. खत जास्त झालं की ताटाएवढी पानं येतात आणि फुलाचा पत्ता नसतो. मायेनं खत घालत राहणाऱ्यांचीच कुंडी बिनफुलांची राहते.

आपल्याकडचा खरा वैरी म्हणजे पाणी. तालुक्याचा बराच भाग खारपाण पट्ट्यात येतो. बोअरचं पाणी घालत राहिलीस तर कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसेल, मग पानांच्या कडा करपतील. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर तेच वापर, नाहीतर नळाचं. थर दिसलाच तर गोडं पाणी खालच्या भोकातून वाहीपर्यंत ओत, म्हणजे क्षार धुऊन निघतात.

पानाखाली मावा बसतो, तो पाण्याच्या धारेनं धुऊन काढ. हिरव्या अळ्या हातानं वेच. खायच्या झाडावर औषध मारायचं नाही. नर्सरीतून फुललेलं रोप आणलंस तर त्याची फुलंही खाऊ नकोस, आधी काय फवारलंय कोण सांगणार?

कोवळं पान चिरून कोशिंबिरीत घाल. अळिवाच्या पाल्याचा झणका लागेल, कारण दोघांतलं तिखट द्रव्य एकच आहे. फूल मात्र झटकून घे; मागच्या शेपटीत मध असतो, तिथं मुंग्या शिरतात. हिरवी फळं मीठ-लिंबात मुरव, भाकरीबरोबर फार छान लागतात. सगळी मात्र तोडू नकोस. थोडी वेलावरच पिकू दे. गळून पडली की सावलीत वाळव आणि कागदाच्या पुडीत ठेव. बाजारचं बी रंग लावलेलं असेल तर ते पेरायलाच. लोणच्यात तसलं बी चुकूनही जाऊ देऊ नकोस.