हेड बसविल्यानंतर डिझेल इंजिनाचे व्हॉल्व्ह बंद होत नाहीत? अशी करा तपासणी

विहिरीवरील एक सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचे हेड उघडले, कार्बन काढला, व्हॉल्व्ह घासले आणि हेड पुन्हा जोडले. पण हँडल फिरवताना दाब लागत नाही व इंजिन सुरू होत नाही, असा अनुभव अनेक शेतकरी बंधूंना येतो. अशा वेळी घाईने हेड पुन्हा उघडल्यास गॅस्केट वाया जाते आणि पिकाच्या पाण्याची पाळी चुकते. दोष पुष्कळदा वरच्या वर, हेड न काढताच सापडतो.

असे का होते?

व्हॉल्व्ह उघडण्याचे काम कॅम, टॅपेट, पुशरॉड व रॉकर करतात. बंद करण्याचे काम फक्त स्प्रिंग करते. म्हणून व्हॉल्व्ह बंद असताना रॉकर व व्हॉल्व्हची दांडी यांत थोडी फट हवीच. व्हॉल्व्ह घासल्यावर तो सीटमध्ये खोल बसतो व दांडी तेवढी वर येते. गॅस्केट पातळ असले तरी फट कमी होते. फट उरली नाही की रॉकर व्हॉल्व्हला दाबून धरतो.

तपासणीचा क्रम

इंधन बंद ठेवावे. फ्लायव्हील हाताने, सावकाश फिरवावे. कोठे अडल्यास जोर करू नये. व्हॉल्व्ह दट्ट्यावर आपटून वाकू शकतो.

१) डिकॉम्प्रेशन लिव्हर पाहावा. तो लावलेला राहिल्यास व्हॉल्व्ह उघडाच राहतो.

२) पुशरॉडचे खालचे टोक टॅपेटच्या खोबणीत व वरचे टोक रॉकरच्या स्क्रूखाली नीट बसले आहे का, ते पाहावे. वाकलेला पुशरॉड बदलावा.

३) फ्लायव्हील नेहमीच्या दिशेने फिरवावे. इनलेटचा पुशरॉड वर जाऊन पूर्ण खाली आला, की त्यानंतर येणाऱ्या टॉप डेड सेंटरच्या खुणेवर थांबावे. येथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. पुढच्या फेऱ्यातील त्याच खुणेवर फट ठेवल्यास ती चुकीची पडते.

४) लॉकनट सैल करून, इंजिनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेली फट फीलर गेजने ठेवावी. इनलेट व एक्झॉस्टची फट वेगवेगळी असू शकते. लॉकनट घट्ट केल्यावर ती पुन्हा मोजावी.

तरीही दाब आला नाही तर

पुशरॉड सैल असूनही व्हॉल्व्हची दांडी वर येत नसेल, तर व्हॉल्व्ह गाईडमध्ये अडकला आहे किंवा स्प्रिंग तुटली आहे, असे समजावे. दांडी वाकणे, गाईडमध्ये कार्बन साचणे किंवा नवे गाईड रीमरने साफ न करणे, ही अडकण्याची कारणे होत. दांडी पूर्ण वर येऊनही दाब नसेल, तर सीटवर घासण्याची पेस्ट वा कार्बन राहिला असावा. येथे मात्र हेड काढावे लागते. हेड उलटे ठेवून व्हॉल्व्हच्या तोंडावर थोडे डिझेल ओतावे. ते पोर्टमध्ये झिरपल्यास सीट स्वच्छ करून व्हॉल्व्ह पुन्हा घासावा. व्हॉल्व्ह ठीक असतील, तर गॅस्केट व पिस्टन रिंगा तपासाव्यात.

पुढील वेळी लक्षात ठेवा

व्हॉल्व्ह काढतानाच त्यांवर खुणा कराव्यात. घासल्यानंतर पेस्ट पूर्ण धुऊन काढावी. हेडचे नट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळावेत आणि फट नट आवळल्यानंतरच ठेवावी. आधी ठेवलेली फट नट आवळताना कमी होते. इंजिन काही तास चालल्यावर ते थंड होऊ द्यावे व नट आणि फट पुन्हा तपासावी. फट नसलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तसाच चालविल्यास जळतो आणि दहा मिनिटांच्या कामासाठी नव्या व्हॉल्व्हचा खर्च अंगावर येतो.