संमोहन : समज, गैरसमज आणि उपयोग

रेडीच्या माझ्या दवाखान्यात रुग्ण तपासून घेतात, औषधे घेतात आणि उठता उठता कोणीतरी हळूच विचारते, 'डॉक्टर, संमोहनाने दारू सुटते का हो?' कोणाला मुलाच्या परीक्षेच्या भीतीवर उपाय हवा असतो, कोणाची डोकेदुखी वर्षानुवर्षांची असते. हल्ली मोबाईलवर 'तीन दिवसांत व्यसनमुक्ती' अशा जाहिराती येतात, त्यामुळे हे प्रश्न वाढले आहेत. एका आजींची शंका तर वेगळीच होती : "डॉक्टरांनू, माका निजवन कोणी घरातला सगळा वदवन घेतल्यान, तर?" या सर्वांना एकत्रच उत्तर द्यावे, म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे.

संमोहन म्हणजे काय?

संमोहन म्हणजे मनाची एक एकाग्र अवस्था. या अवस्थेत लक्ष एकाच गोष्टीवर स्थिरावते, आजूबाजूचे भान कमी होते आणि दिलेली सूचना मन एरवीपेक्षा सहज स्वीकारते. नाटकात रंगून गेलेल्या प्रेक्षकाला शेजारी कोण येऊन बसले हे कळत नाही, पण तो झोपलेला नसतो. संमोहनाचेही तसेच आहे. ती झोप नव्हे, बेशुद्धीही नव्हे. माणसाला आवाज ऐकू येतो आणि नको वाटल्यास तो डोळे उघडून उठू शकतो. आजींना मी हेच सांगितले की, जे सांगायचे नाही ते संमोहनातही झाकून ठेवता येते, आणि खोटेही बोलता येते.

आपल्या शेजारचा संशोधक

या शास्त्राच्या इतिहासातले एक मोठे नाव आपल्या अगदी शेजारचे आहे. रेडीहून तेरेखोलची खाडी ओलांडून पेडणे तालुक्यातून पुढे गेले की बारदेश लागतो. तेथील कांदोळी गावात ३१ मे १७५६ रोजी जुझे कुस्तोदियु फारिया यांचा जन्म झाला. पुढे ते 'आबे फारिया' म्हणून ओळखले गेले. १७७१ मध्ये ते वडिलांबरोबर पोर्तुगालला गेले, नंतर रोमला शिकून धर्मगुरू झाले.

त्यांच्याविषयी एक आख्यायिका गोव्यात सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन देण्यास ते उभे राहिले आणि समोरची बडी मंडळी पाहून त्यांची वाचाच बसली. तेव्हा वडील कोकणीत हळूच म्हणाले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" हे शब्द कानी पडताच भीती गेली आणि प्रवचन अस्खलित झाले. गोष्ट खरी किती हा भाग सोडून देऊ, पण योग्य वेळी आलेले चार शब्द माणसाची अवस्था कशी बदलतात, हे तिच्यात नेमके आले आहे.

त्या काळी युरोपात मेस्मर नावाच्या डॉक्टरांचा बोलबाला होता. आपल्या हातातून एक अदृश्य चुंबकीय प्रवाह रोग्याच्या शरीरात जातो आणि रोग बरा होतो, असे ते सांगत. फ्रान्सच्या राजाने १७८४ मध्ये याची चौकशी नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. बागेतल्या एका झाडात 'चुंबकीय प्रवाह' भरून एका मुलाला डोळे बांधून झाडाझाडापाशी नेले. मुलगा मूर्च्छित पडला, पण चुकीच्या झाडापाशी! प्रवाह नाही, हा सारा कल्पनेचा खेळ आहे, असा निष्कर्ष निघाला आणि बहुतेक विद्वानांनी विषय तेथेच सोडला.

फारिया यांनी पुढचा प्रश्न विचारला. प्रवाह नसेल, तर मुलगा पडला कशाने? १८१३ पासून पॅरिसमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग सुरू केले. माणसाला आरामात बसवून, डोळे मिटून मन एकाग्र करायला सांगून ते खणखणीत आवाजात म्हणत, 'झोपा!' आणि अनेकजण त्या अवस्थेत जात. त्यांचे सांगणे असे की, माझ्या अंगी कोणतीही शक्ती नाही, जे घडते ते समोरच्याच्या मनात घडते. संमोहन करणाऱ्याला ते केवळ 'एकाग्र करणारा' म्हणत. या बोलण्याने चुंबकवाले रागावले. काही धर्ममार्तंडांना त्यात सैतान दिसला, आणि रंगभूमीवर त्यांची टिंगल करणारे नाटकही आले. २० सप्टेंबर १८१९ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथही त्याच वर्षीचा.

पणजीला जुन्या सचिवालयाजवळ रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्यांचा पुतळा १९४५ पासून उभा आहे. त्यात फारिया एका स्त्रीवर हात पसरून उभे दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, शक्ती त्या हातांत आहे. पण हातात काही नाही, हे सांगण्यासाठीच तर त्यांनी उपहास सोसला. पुढच्या वेळी पणजीला गेलात तर पुतळ्यातल्या हातांकडे पाहताना हे जरूर आठवावे.

आजचे विज्ञान काय सांगते?

१८४५ मध्ये बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने याच पद्धतीने रुग्णांच्या मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. दोन वर्षांनी क्लोरोफॉर्म आले आणि खात्रीची भूल मिळाल्यावर ही पद्धत मागे पडली. ब्रिटनच्या डॉक्टरांच्या संघटनेने १९५५ मध्ये, तर अमेरिकेतील संघटनेने १९५८ मध्ये उपचारातील संमोहनाला मान्यता दिली.

१९९७ साली कॅनडातील मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला संमोहित करून त्याचा हात कढत पाण्यात ठेवला. पाणी तेवढेच गरम. एकदा 'त्रास कमी होतो आहे' अशी सूचना दिली, एकदा 'त्रास वाढतो आहे' अशी. मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा दुःखाचा त्रास जाणवणाऱ्या भागातील हालचाल सूचनेप्रमाणे बदललेली दिसली. म्हणजे सूचनेचा परिणाम खराच असतो, रुग्ण नाटक करत नसतो.

मात्र सर्वांवर परिणाम सारखा होत नाही. साधारण दहा-पंधरा टक्के लोक फार चटकन संमोहित होतात, तेवढेच जवळजवळ होतच नाहीत, बाकीचे मध्ये येतात. याचा हुशारीशी वा मनाच्या दुबळेपणाशी संबंध नाही.

कशासाठी उपयोग होतो?

नेहमीच्या उपचारांच्या जोडीला पुढील तक्रारींत संमोहनाची मदत होऊ शकते :

१) वेदना : भाजलेल्या जखमेचे ड्रेसिंग, दात काढणे, दीर्घकाळचे दुखणे. बेल्जियममध्ये लिएज येथे १९९२ पासून काही शस्त्रक्रिया स्थानिक भूल व संमोहन यांच्या जोडीने केल्या जातात.

२) पोटाची तक्रार : तपासण्या निर्दोष, तरी पोटात मुरडा, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, असा त्रास अनेकांना असतो. १९८४ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी यात संमोहनाचा लाभ दाखवला. औषधांनी वर्षभरात गुण न आल्यास संमोहनाचा विचार करावा, असे ब्रिटनच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

३) भीती व ताण : सुईची भीती, परीक्षेची धास्ती, शस्त्रक्रियेपूर्वीची काळजी.

तंबाखू-सिगारेट सोडण्याबाबत काय? काहींना मदत होते, पण २०१९ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा इतर उपायांपेक्षा संमोहन सरस असल्याचा ठाम पुरावा मिळाला नाही. मनापासून सोडायचे ठरवलेल्याला आधार एवढेच त्याचे स्थान.

येथे सावध राहा

दारूबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने संमोहनाच्या वा कोणाच्या शब्दाच्या भरवशावर घरच्या घरी अचानक दारू बंद करू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार होतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. आणि नेमका हाच काळ त्या जाहिरातीतल्या 'तीन दिवसां'चा! दारू सोडवायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने. मन घट्ट करण्याचे काम त्यानंतरचे.

छातीत दुखणे, शौचातून रक्त, वजन घटणे, नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी यांवर आधी तपासणी हवी. वेदना हा शरीराने दिलेला निरोप असतो. कारण न शोधता तो दाबला, तर आजार आत वाढत राहतो. कानात आवाज येणे, संशयाने पछाडणे अशा गंभीर मानसिक आजारांत संमोहनाचा प्रयोग करू नये. 'विसरलेल्या आठवणी' किंवा 'मागचा जन्म' काढून देतो म्हणणाऱ्यांपासूनही दूर राहा. संमोहनात कल्पना आणि आठवण यांची सरमिसळ होते, आणि कधीच न घडलेली गोष्ट माणूस खरी मानून बसतो. त्यातून घरे मोडतात.

एक साधी कसोटी देतो. 'माझ्याकडे शक्ती आहे' असे जो म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नका. अलौकिक शक्तीचा दावा करून लोकांना फसवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. संमोहन उपचार मनोविकारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ यांच्याकडूनच घ्यावेत, पदवी विचारण्यास लाजू नये, आणि स्त्रिया व मुलांबरोबर घरचे माणूस असावे. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी, किंवा सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक फिरवावा.

घरी करण्याजोगा अभ्यास

सूचना स्वतःलाही देता येते. तिला स्वयंसूचना म्हणतात. ताण, झोप न लागणे, परीक्षेची भीती यांसाठी रोज दहा मिनिटे असे करून पाहा :

१) मोबाईल दूर ठेवून पाठीला आधार देऊन बसा.

२) समईची ज्योत किंवा भिंतीवरचा एखादा ठिपका यावर नजर स्थिर ठेवा. पापण्या जड झाल्या की डोळे मिटा.

३) श्वास सावकाश घ्या, त्याहून सावकाश सोडा. असे दहा वेळा.

४) पायांच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडा.

५) आवडती शांत जागा डोळ्यांसमोर आणा. आपल्याला तर किनारा जवळच आहे. लाटेचा आवाज मनात ऐका.

६) आता एकच छोटी सूचना पाच-सहा वेळा मनात म्हणा. 'मी घाबरणार नाही' असे म्हटले की मनात भीतीच उभी राहते. त्याऐवजी 'माझा श्वास शांत आहे, मी पेपर सावकाश वाचतो आहे' असे म्हणावे.

७) पाचपासून एकपर्यंत उलटे मोजा, डोळे उघडा, हातपाय ताणा.

गाडी चालवताना, होडीवर किंवा यंत्राजवळ हा अभ्यास करू नये. मन अस्वस्थ झाले, जुने दुःख उफाळून आले, तर थांबावे व डॉक्टरांशी बोलावे. दोन-तीन आठवडे नेमाने केल्यावाचून निष्कर्ष काढू नये.

वाचकहो, गुण आला तर त्याचे श्रेय कोणाच्या हातांना देऊ नका. ते काम तुमच्याच मनाने केलेले असेल. कांदोळीच्या फारियांनी दोनशे वर्षांपूर्वी एवढेच तर सांगितले होते.