पडझड झालेल्या वास्तूची दुरुस्ती आणि ठेकेदाराचे दायित्व

सोलापूर,
मार्गशीर्ष, शके १९४७

 

नवी इमारत उभारणाऱ्या ठेकेदारापेक्षा पडझड झालेली इमारत दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराच्या शिरावरचे दायित्व अधिक गुंतागुंतीचे असते, आणि हा व्यवसाय पत्करणाऱ्याने पहिल्या कामाची बोली करण्याआधीच ते नीट समजून घेतले पाहिजे. आपल्या कृतीमुळे वा निष्काळजीपणामुळे दुसऱ्याच्या जिवाला अथवा मालमत्तेला हानी पोहोचली असता ती भरून देण्याची कायद्याने येणारी जबाबदारी म्हणजे दायित्व. आणि ठरलेल्या हप्त्याच्या मोबदल्यात, ठरलेल्या मर्यादेपर्यंत व ठरलेल्या अटींवर ही जबाबदारी विमा कंपनीने उचलणे म्हणजे दायित्व विमा. नव्या बांधकामात पाया, सळई आणि काँक्रीट हे सारे ठेकेदाराच्या डोळ्यांदेखत उभे राहते. दुरुस्तीत मात्र भिंतीच्या पोटात पूर्वी कोणी काय भरले हे तोडफोड सुरू होईपर्यंत कळत नाही, आणि बहुतेक वेळा त्याच छपराखाली किंवा पलीकडच्या खोलीत माणसे राहतच असतात.

सोलापुरात असे काम मुख्यतः तीन प्रकारच्या वास्तूंवर निघते. जुन्या पेठांतील दगडमातीच्या भिंतींची माळवदाची घरे हा पहिला प्रकार. सळई गंजून स्लॅबचे पापुद्रे सुटू लागलेल्या काँक्रीटच्या इमारती हा दुसरा. आणि आगीने वा पुराने अचानक जायबंदी झालेल्या वास्तू हा तिसरा. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत ८ जणांचा बळी गेला, तर त्याच वर्षी सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांत घरांची मोठी हानी केली. आगीत तापलेले काँक्रीट आणि पाण्यात भिजलेली काळी माती या दोहोंचा विशेष असा की, वरून सुस्थितीत दिसणारा भाग आतून दुबळा झालेला असू शकतो. काळी माती ओलीने फुगते व सुकताना आकसते, त्यामुळे पूर ओसरल्यानंतर कित्येक आठवड्यांनी भिंतींना नव्या भेगा पडतात आणि त्या दुरुस्तीमुळे पडल्या की आधीपासूनच पडणार होत्या, हा वाद ठेकेदाराच्या दारात येतो.

या भागाला दुरुस्तीच्या मोठ्या कार्याचा अनुभव नाही असे नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने जे पुनर्वसन झाले, त्यात ५२ गावांचे स्थलांतर सर्वांच्या लक्षात राहिले; परंतु सोलापूरसह आसपासच्या जिल्ह्यांत घरांची दुरुस्ती व बळकटीकरण हेही त्याच कार्याचे मोठे अंग होते. माळवदावरची जादा माती उतरवणे, भिंतीच्या दोन दगडी थरांना आरपार सांधणारे बंध घालणे, भिंतींभोवती पट्टे बांधणे ही तंत्रे गावोगावच्या गवंड्यांच्या हाती त्या वेळी आली. मात्र त्या कार्यक्रमात अनुदान घेऊन दुरुस्ती करवून घेणारा कर्ता बहुधा घरमालकच असल्याने, काही बिघडल्यास भरपाई कोणी द्यावी हा प्रश्न फारसा उभा राहिला नाही. आज शहरात मालक, भाडेकरू, शेजारी, रचना अभियंता, मुख्य ठेकेदार आणि त्याच्या हाताखालचे ठेकेदार अशी साखळी तयार झालेली असते, आणि अपघात घडला की प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे वळते.

ठेकेदाराच्या दायित्वाचे चार भाग पडतात व ते एकमेकांत मिसळू न देणे हेच या विषयाचे मर्म होय: पहिला भाग कामगारांविषयीचा, दुसरा शेजारी व वाटसरू यांच्याविषयीचा, तिसरा दुरुस्तीस घेतलेल्या मूळ इमारतीविषयीचा आणि चौथा स्वतःच्या कामातील दोषांविषयीचा. एकाच पॉलिसीत हे चारही सामावले आहेत अशी समजूत ठेकेदारांत सर्रास आढळते, आणि नुकसानीच्या वेळी तीच महागात पडते.

कामगारांविषयीचे दायित्व सर्वांत स्पष्ट आहे. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याने रूढ केलेली आणि आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावलेली तत्त्वे अशी की, कामावर असताना व कामामुळे इजा वा मृत्यू झाल्यास मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नसते, आणि हाताखालच्या ठेकेदाराने आणलेल्या मजुराची भरपाईही प्रथम मुख्य ठेकेदाराकडून मागता येते. मृत्यूच्या प्रकरणी मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. वेतन १५,००० रुपये धरले आणि मजूर २५ वर्षांचा असला तर गुणक २१६.९१ असल्याने ही रक्कम १६,२६,८२५ रुपये होते. ती देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज लागते आणि विलंबास समर्थनीय कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. हा दंड विमा कंपनी सामान्यतः उचलत नाही. या दायित्वासाठी स्वतंत्र कर्मचारी भरपाई पॉलिसी असते व तिचा हप्ता जाहीर केलेल्या मजुरीवर ठरतो, म्हणून हजेरीपटावर ८ माणसे आणि कामावर १५ अशी तफावत ठेवणाऱ्याने वाचवलेला हप्ता दाव्याच्या दिवशी कित्येक पटींनी फेडावा लागतो. नाक्यावरून आणलेल्या बिगाऱ्यांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून देणे हे चांगलेच काम आहे. पण मंडळाचे साहाय्य मिळाले म्हणून ठेकेदाराचे दायित्व संपत नाही.

शेजारी आणि वाटसरू यांना कायद्याच्या भाषेत त्रयस्थ पक्ष म्हणतात. बांधकाम व्यवसायात प्रचलित असलेल्या ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ पॉलिसीचा पहिला विभाग चालू कामाच्या नुकसानीचा आणि दुसरा विभाग त्रयस्थांविषयीच्या दायित्वाचा असतो. दुरुस्तीचा ठेकेदार बहुधा या दुसऱ्या विभागावर विसंबतो, पण त्यातले दोन अपवाद नेमके त्याच्याच धंद्यावर घाला घालतात. पहिला असा की, ठेकेदाराच्या अथवा काम देणाऱ्या मालकाच्या ताब्यातील मालमत्ता त्रयस्थाची मानली जात नाही. अर्थात ज्या वाड्याची दुरुस्ती चालू आहे तोच वाडा कोसळला तर त्रयस्थ विभागातून एक रुपयाही मिळत नाही. दुसरा अपवाद कंपनांमुळे अथवा आधार काढल्याने वा कमकुवत झाल्याने होणाऱ्या नुकसानीचा. आणि दुरुस्तीच्या कामात ब्रेकरचा हादरा आणि आधार काढणे या तर रोजच्याच गोष्टी आहेत.

याचे प्रत्यक्ष स्वरूप जुन्या पेठेतील सामाईक भिंतीपाशी दिसते. अशा भिंतीचे दोन दगडी थर आतल्या माती व चिपांच्या भरावाला टेकलेले असतात; माळवदाची पन्हळ फुटून पाणी मुरले की तो भराव खचतो, बाहेरच्या थराला पोट सुटते, आणि हे पोट काढण्यासाठीच ठेकेदाराला बोलावलेले असते. त्याने आपल्या बाजूचा थर उकलला की त्याच भिंतीत टोके रुतलेल्या शेजाऱ्याच्या तुळयांखालचा आधार जातो; त्यात माळवदाची माती एकाच अंगाने उपसली असेल तर उरलेला भार कलतो आणि पलीकडच्या घरातल्या यंत्रमागांवर छत येते. विम्याच्या भाषेत हे आधार काढल्याने झालेले नुकसान होय, व जादा हप्ता देऊन ते जोडून घेतले नसेल तर दावा नामंजूर होतो. जोडून घेतले तरी कंपनी सामान्यतः तीन अटी घालते: शेजारची वास्तू आधी सुस्थितीत असावी, काम सुरू होण्यापूर्वी तिच्या अवस्थेचा लेखी अहवाल केलेला असावा, आणि संरक्षणाचे उपाय योजलेले असावेत. शिवाय भरपाई पूर्ण वा अंशतः कोसळण्याची मिळते, स्थैर्याला बाधा न आणणाऱ्या किरकोळ भेगांची नाही.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या घरांतील प्रत्येक भेगेचे छायाचित्र, लांबी व जागा नोंदवून त्यावर शेजाऱ्याची स्वाक्षरी घ्यावी, आणि मोठ्या भेगांवर आडवी पातळ काचपट्टी सिमेंटने चिकटवून तिच्यावर तारीख घालावी. भेग हलली की काच तडकते, त्यामुळे ती भेग जुनी की कामामुळे वाढलेली याचा निवाडा तोंडी वादावर राहत नाही. मूळ इमारतीसाठी मालकाची विद्यमान मालमत्ता या शीर्षकाखाली मिळणारे जादा संरक्षण घ्यावे व त्याची रक्कम इमारतीच्या खऱ्या मूल्याशी जुळती ठेवावी. इमारतीचा काही भाग मालकाने वापरात घेतला की त्या भागातल्या कामाचे संरक्षण संपते, आणि काम थांबल्यामुळे होणारे नुकसानही पॉलिसीतून वगळलेले असते. तेव्हा मालकाने पैसे अडकवल्याने काम बंद ठेवावे लागले तर त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवावे.

चौथ्या भागाविषयी थोडक्यात इतकेच की, सदोष काम पुन्हा करण्याचा खर्च कोणतीही विमा कंपनी सहसा देत नाही. त्या सदोष कामामुळे इतर चांगल्या भागाचे झालेले नुकसान मात्र योग्य पॉलिसीत मिळू शकते. रचना अभियंत्याच्या चुकीच्या आराखड्याचे दायित्व त्याच्या स्वतंत्र व्यावसायिक दायित्व विम्यात येते, म्हणून त्या पॉलिसीची प्रत कामाच्या फायलीत ठेवावी. ‘काहीही झाले तरी ठेकेदार जबाबदार’ अशा मजकुराच्या हमीपत्रावर सही करणे टाळावे, कारण कायद्यापेक्षा जास्त जबाबदारी कराराने ओढवून घेतली असेल तर तो जादा भाग विम्याबाहेर राहतो.

महानगरपालिकेच्या वर्गवारीचाही विम्याशी जवळचा संबंध आहे. राज्यात धोकादायक इमारतींचे सी-१, सी-२अ, सी-२ब व सी-३ असे वर्ग करतात: सी-१ तत्काळ रिकामी करून पाडण्याची, सी-२अ रिकामी करून दुरुस्त करण्याची, सी-२ब रिकामी न करता रचनात्मक दुरुस्ती करण्याची आणि सी-३ किरकोळ दुरुस्तीची. सी-१ ची नोटीस लागलेल्या इमारतीला रंगरंगोटी व प्लास्टर करून देण्याचे काम मालक भाडेकरूच्या वादातून कित्येकदा काढतो. ते घेऊ नये, आणि नोटीस असल्याचे कंपनीपासून लपवून तर मुळीच घेऊ नये, कारण विम्याचा करार पूर्ण विश्वासाचा असल्याने महत्त्वाची माहिती दडवली की पॉलिसी रद्दबातल ठरू शकते.

अपघात झालाच तर जखमींना रुग्णालयात पोहोचवणे, उरलेल्या भागाला टेकू देणे आणि पोलीस व विमा कंपनी या दोहोंना विनाविलंब कळवणे हा क्रम राखावा. औषधपाण्याची मदत माणुसकीने जरूर करावी. पण कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करणारा किंवा ठरावीक भरपाईचे वचन देणारा कागद लिहून देऊ नये, कारण बहुतेक पॉलिसींत तसे करणे अटीचा भंग ठरते. कंपनीने अन्याय्य रीतीने दावा नाकारला तर प्रथम तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, नंतर पात्र प्रकरणांत पुण्यातील विमा लोकपालाकडे अथवा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

विमा पैशाची हानी भरून काढतो, गुन्ह्याची शिक्षा भोगत नाही, ही मर्यादाही ओळखून असावे. इमारत पाडताना वा दुरुस्त करताना पुरेशी खबरदारी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० खाली गुन्हा आहे, आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथे इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत आधारखांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. अशा प्रसंगी पॉलिसीच्या कागदाने ना गेलेले माणूस परत येते, ना आरोपीची सुटका होते. तेव्हा टेकूंचा खर्च वाचवून त्यातून हप्ता भरणे किंवा हप्ता भरला म्हणून टेकू कमी लावणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक समजाव्यात.

या सर्वांचा व्यवहारातील निष्कर्ष असा की, अंदाजपत्रकात कर्मचारी भरपाई, त्रयस्थ दायित्व, कंपन व आधार यांचे जोडसंरक्षण आणि मूळ इमारतीचे संरक्षण या चार बाबींचे हप्ते स्वतंत्र ओळींत दाखवावेत, म्हणजे मालकालाही आपण कशाचे पैसे देतो हे कळते. कमी दराच्या चढाओढीत या ओळी खोडण्याचा आग्रह होईल; टेकू, सेंटरिंग आणि हे हप्ते धरून जे काम परवडत नाही, ते काम सोडून द्यावे. पेठेत नाव व्हायला वर्षे लागतात आणि एका भिंतीखाली ते गाडले जाते, म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांत कामे थोडी मिळाली तरी चालतील, परंतु मिळालेल्या प्रत्येक कामाची पॉलिसी पहिला टिकाव पडण्याआधी हातात असावी आणि तिच्यातील अपवादांचे पान हप्त्याच्या पावतीआधी वाचलेले असावे.