धंद्याचा प्रवास आणि भांडवलाची गळती

नोकरीतला माणूस कामानिमित्त परगावी गेला, तर त्याचा खर्च कचेरी देते. स्वतःचा धंदा करणाऱ्याला हा खर्च देणारे दुसरे कोणी नसते. त्याचे तिकीट, त्याचा लॉज, त्याचा चहासुद्धा त्याच्याच गल्ल्यातून जातो. आपल्या सभासदांची मुले-मुली आज नोकरीच्या जोडीने लहान उद्योगांकडे वळत आहेत. त्यांपैकी बहुतेकांच्या घरात धंदा करणारी ही पहिलीच पिढी आहे. पाठीशी वडिलोपार्जित दुकान नाही, अडीअडचणीला हात देणारा व्यापारी नातेवाईक नाही. जे काही आहे ते बँकेचे कर्ज आणि स्वतःची मेहनत. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास आम्ही येथे मांडीत आहोत.

बँकेच्या खिडकीमागे बसून आम्ही अनेक वर्षे पासबुके पाहत आलो. एका तरुण खातेदाराची गोष्ट सांगतो. त्याचे नाव-गाव सांगणे उचित नाही. त्याचा माल चांगला होता, गिऱ्हाईकही होते, तरी हप्ता थकू लागला. एके दिवशी तो स्वतःच आमच्यासमोर वही घेऊन बसला. नफा कोठे जातो हे त्याला कळेना. वहीत मालाची खरेदी होती, मजुरी होती, वीजबिल होते. प्रवासखर्चाचे पान मात्र नव्हते. "तो तर खिशातून होतो, साहेब," असे तो म्हणाला. आम्ही म्हणालो, "बाबा रे, तुझा खिसा आणि तुझा गल्ला वेगळा आहे का?" त्यावर तो काही बोलला नाही.

प्रवास मालात मोजावा

एक उदाहरण घेऊ. सोलापुरात टॉवेल तयार करून मुंबईच्या मंगलदास मार्केट परिसरातील घाऊक व्यापाऱ्यांना विकणारा एक तरुण आहे असे समजा. त्याला एका टॉवेलमागे ८ रुपये नफा सुटतो. पुढील आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी धरले आहेत.

पहिली रीत : ऐनवेळी ठरवून खासगी बसने जाणे-येणे १,८०० रुपये, लॉज १,२०० रुपये, टॅक्सी ६०० रुपये, जेवणखाण ६०० रुपये. एकूण ४,२०० रुपये.

दुसरी रीत : आधी आरक्षण करून रात्रीच्या गाडीने स्लीपर वर्गाने जाणे-येणे ७०० रुपये, सामानघर व आंघोळ ८० रुपये, शहरातील प्रवास १५० रुपये, जेवणखाण ३५० रुपये. एकूण १,२८० रुपये.

आता हे रुपये टॉवेलांत मोजा. पहिल्या प्रवासासाठी ५२५ टॉवेलांचा नफा गेला, दुसऱ्यासाठी १६० टॉवेलांचा. फरक २,९२० रुपयांचा. महिन्याला एक फेरी धरली तर वर्षाला ३५,०४० रुपये होतात. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटाच्या कर्जाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. म्हणजे त्या कर्जाच्या सत्तर टक्के रक्कम एका वर्षात केवळ रस्त्यावर सांडते. प्रवासखर्च नफ्यातून जातो असे आपणांस वाटते. लहान धंद्यात तो बहुधा भांडवलातूनच जातो.

बचतीचे मार्ग

१. जाणे आवश्यक आहे काय? हा पहिला प्रश्न. नमुना स्पीड पोस्टाने पाठविता येतो, भाव फोनवर ठरविता येतो, माल मोबाइलच्या पडद्यावर दाखविता येतो. मात्र पहिली ओळख, थकलेली उधारी आणि मालाची तक्रार या तीन कामांसाठी समक्ष गेलेलेच बरे.

२. दिवस नीट निवडावा. रविवारी बहुतेक घाऊक बाजार बंद असतात. निघण्यापूर्वी ज्यांना भेटायचे त्यांना फोन करावा. "शेठ बाहेरगावी गेलेत" हे ऐकण्यासाठी साडेचारशे किलोमीटर जाणे परवडत नाही. एका फेरीत तीन-चार कामे जोडावीत.

३. रात्रीचा प्रवास करावा. सोलापूरची सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी मुंबईस पोचते आणि परतीची गाडीही रात्रीचीच आहे. दिवसभर काम करून परत निघाल्यास लॉजचा खर्चच उरत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मंगलदास मार्केट पायी जाण्याजोगे आहे.

४. आरक्षण वेळेवर करावे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. तात्काळ तिकिटाला जादा आकार पडतो, आणि कन्फर्म तात्काळ तिकीट आपण रद्द केले तर पैसे परत मिळत नाहीत. साधे तिकीटही जितके उशिरा रद्द करावे तितकी कपात वाढते. म्हणून बेत बदलला की त्याच दिवशी रद्द करावे.

५. सवलती माहीत असाव्यात. मार्च २०२३ पासून राज्याच्या हद्दीत एस.टी.च्या भाड्यात महिलांना ५० टक्के सवलत आहे. बचत गटाच्या भगिनींनी बाजाराच्या फेऱ्या ठरविताना हे ध्यानात घ्यावे. चार-सहा गावांचे दुकानदार गाठायचे असतील, तर एस.टी.चा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास सुट्या तिकिटांशी ताडून पाहावा. जवळच्या शहरात वरचेवर जाणाऱ्याने रेल्वेचा पास काढावा. तिमाही पास मासिक पासाच्या २.७ पट दरात मिळतो, म्हणजे तीन महिन्यांत दहा टक्के वाचतात.

६. पावती जपावी. आम्ही स्वतः एकदा प्रशिक्षणासाठी परगावी गेलो असता परतीचे तिकीट हरवून बसलो. भत्त्याच्या बिलातून तेवढी रक्कम वजा झाली आणि ते योग्यच झाले. धंदा करणाऱ्याने प्रत्येक फेरीचे पाकीट वेगळे ठेवावे. जीएसटीत नियमित नोंदणी असेल तर एसी वर्गाचे तिकीट काढताना आपला जीएसटी क्रमांक द्यावा. स्लीपर वर्गावर हा कर नाही.

काटकसर आणि कंजुषी

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. स्वस्त तिकीट म्हणजे स्वस्त प्रवास नव्हे. रात्रभर जनरल डब्यात उभा राहिलेला माणूस सकाळी भाव करण्यास बसला, तर झोपेच्या भरात दोन रुपये कमी भावाला होकार देतो. पाचशे नगांच्या व्यवहारात हे हजार रुपये झाले. तिकिटात वाचविलेल्या पैशांपेक्षा ही रक्कम मोठी आहे. विनातिकीट प्रवासात तर भाड्याखेरीज किमान २५० रुपये दंड होतो, आणि अब्रू जाते ती वेगळीच. भगिनींनी अपरात्री पोचणारी गाडी किंवा आडबाजूचा लॉज केवळ स्वस्त म्हणून कधीही घेऊ नये. शरीर, सुरक्षितता आणि सचोटी यांत काटकसर नको. बाकी सर्व ठिकाणी अवश्य करावी.

आमच्या त्या खातेदाराने वहीत प्रवासाचे पान घातले. महिन्याच्या तीन फेऱ्यांची एक फेरी केली. थकलेले हप्ते भरून निघायला पुढे आठ महिने लागले, पण निघाले. शेवटचा हप्ता भरताना त्याने वही खिडकीतून आत सरकविली आणि म्हणाला, "साहेब, हे पान बघा." खर्चाच्या प्रत्येक रकमेपुढे त्याने नगांची संख्या लिहिली होती.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

(अ) आपल्या घरातील कोणाच्याही कामाच्या एका प्रवासाचा खर्च तिकीट, मुक्काम, जेवण आणि शहरातील प्रवास अशा चार सदरांत मांडा.
(आ) तो खर्च त्यांच्या किती दिवसांच्या कमाईइतका किंवा किती नगांच्या नफ्याइतका होतो ते काढा.
(इ) त्यातील कोणता खर्च टाळता आला असता आणि कोणता टाळू नये, ते कारणांसह लिहा.