पाळलेल्या पक्ष्याचा हक्क

घरात पोपट पाळण्याची हौस आपल्या समाजात जुनी आहे. भारतीय रानपोपट पकडण्यास, विकण्यास व पाळण्यास कायद्याने मनाई असल्यामुळे अलीकडे सुस्थित कुटुंबांचा ओढा परदेशी पक्ष्यांकडे, विशेषतः करड्या अंगाच्या व लाल शेपटीच्या आफ्रिकन ग्रे पोपटाकडे वाढला आहे. ‘पक्षी पाळणे जायज आहे काय?’ असे खरेदीपूर्वी विचारले जाते. प्रश्न योग्य आहे, परंतु अपुरा आहे. त्याच्यापुढे दुसरा प्रश्न उभा आहे: या पक्ष्याचा हक्क मी अदा करू शकेन काय?

परवानगी आणि तिची अट

माननीय अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याजवळ एक लहानसा पक्षी होता. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) त्या बालकाला भेटत, तेव्हा त्याच्या पक्ष्याविषयी प्रेमाने चौकशी करीत. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. पक्ष्याला त्रास होत नसेल तर तो पाळण्यास हरकत नाही, असे अनेक धर्मपंडितांनी तिच्यावरून प्रतिपादन केले आहे.

याच दोन संग्रहांत दुसरी हदीस आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले. तिने त्याला स्वतः खाऊ घातले नाही व बाहेर जाऊन भक्ष्य शोधण्यासही मोकळे सोडले नाही. ते मेले आणि ती स्त्री नरकाग्नीस पात्र ठरली. पहिली हदीस परवानगी देते, तर दुसरी त्या परवानगीची अट सांगते. ज्याला आपण कोंडतो, त्याच्या उपजीविकेचे सर्व मार्ग आपण बंद करतो. म्हणून त्याच्या प्रत्येक गरजेचा भार आपल्याच शिरावर येतो.

हा पक्षी कोठून आला?

दिव्य कुरआनच्या सूरह अल्-अन्आममध्ये (आयत ३८) पशुपक्ष्यांना मानवासारखेच समुदाय म्हटले आहे. आफ्रिकन ग्रे या पोपटाला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. पश्चिम व मध्य आफ्रिकेच्या अरण्यांत तो थव्याने राहतो, उंच वृक्षांच्या ढोलीत घरटे करतो आणि जोडीदाराशी दीर्घकाळ एकनिष्ठ राहतो. मात्र व्यापारासाठी झालेली पकड आणि जंगलतोड यांमुळे घाना देशात १९९२ नंतरच्या दोन दशकांत त्याची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे अभ्यासकांना आढळले. ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत त्याला सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. रानातून धरलेल्या या पक्ष्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून निषिद्ध आहे.

अबू दाऊदमधील हदीस येथे आठवावी. प्रवासात काही सहाबींनी एका चिमुकल्या पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती पंख फडफडवीत घिरट्या घालू लागली. प्रेषित (स.) यांनी तिला कोणी दुखावले, अशी विचारणा केली आणि पिल्ले परत ठेवावयास सांगितले. चोरीच्या मार्गाने आलेला पक्षी विकत घेणारा त्या दुखावण्यात भागीदार होतो, कारण गिऱ्हाईक आहे म्हणूनच जाळे टाकले जाते.

खरेदी करताना

बंदिवासात जन्मलेलाच पक्षी परवानाधारक पैदासकाराकडून, पावतीसह घ्यावा. पायातील अखंड कडे पाहावे. ते पिल्लू अगदी लहान असतानाच घालता येते. वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती व २०२४ चे नियम यांनुसार अशा पक्ष्याची नोंदणी ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे. आखाती देशांत राहणाऱ्या बांधवांनी ध्यानात ठेवावे की, परवान्याविना हा पक्षी सीमेपार नेता-आणता येत नाही. स्वतः खाऊ न शकणारे, हाताने भरवावे लागणारे पिल्लू स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. अननुभवी हातून भरवताना अन्न श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावते.

त्याचे दैनंदिन हक्क

पिंजरा निदान तीन फूट लांब, दोन फूट रुंद व चार फूट उंच असावा, आणि पक्ष्याला रोज काही तास त्याबाहेर काढावे. केवळ सूर्यफुलाच्या बियांवर त्याला ठेवणे म्हणजे हळूहळू उपाशी मारणे होय, कारण त्यांत मेद भरपूर, पण कॅल्शियम व जीवनसत्त्व ‘अ’ अत्यल्प असते. पोपटांसाठीचे तयार खाद्य, गाजर, लाल भोपळा, मोड आलेले मूग व थोडी फळे द्यावीत. चॉकलेट, चहा-कॉफी, खारट पदार्थ आणि ॲव्होकॅडो त्याला घातक आहेत. कॅल्शियमच्या कमतरतेने या जातीला झटके येतात, म्हणून सावलीची सोय ठेवून कोवळे ऊनही मिळू द्यावे. नॉनस्टिक भांडे अतिशय तापल्यास निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. तेव्हा त्याची जागा स्वयंपाकघरापासून दूर असावी. रात्री दहा-बारा तास शांत अंधार हवा.

सर्वांत मोठा हक्क सोबतीचा आहे. शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांचा ‘ॲलेक्स’ नावाचा आफ्रिकन ग्रे (मृत्यू २००७) शंभरावर शब्द वापरीत असे. रंग व आकार सांगत असे आणि सहापर्यंत मोजत असे. एवढी बुद्धी लाभलेला जीव दिवसभर रिकाम्या घरात बसला की स्वतःचीच पिसे उपटू लागतो. आणि तो ऐकतो तेच बोलतो. ज्या घरात सलाम ऐकू येतो, तेथे तो सलाम करील; ज्या घरात शिवीगाळ चालते, तेथे पाहुण्यांसमोर तीच उच्चारील.

आयुष्यभराची अमानत

हा पक्षी बंदिवासात चाळीस ते साठ वर्षे जगू शकतो. दहा वर्षांच्या मुलासाठी आणलेला पोपट त्या मुलाच्या नातवंडांसमोरही असू शकेल. मुले शिक्षणासाठी परगावी जातील, मुली सासरी जातील, आईवडील थकतील. तेव्हा त्याला दाणापाणी कोण देईल? हे आजच ठरवून घरातील जबाबदार व्यक्तीला बजावून ठेवावे.

पैसे मोजल्याने मालकी मिळते, जबाबदेहीतून सुटका मिळत नाही. भुकेल्या व राबवलेल्या उंटाचे अश्रू पाहून प्रेषित (स.) यांनी त्याच्या मालकाला, अल्लाहने तुझ्या ताब्यात दिलेल्या या प्राण्याविषयी तू अल्लाहचे भय बाळगत नाहीस काय, अशा आशयाची विचारणा केली होती. हीही हदीस अबू दाऊदमध्येच आहे.

बंधूभगिनींनो, ज्यांच्याजवळ वेळ, जागा व ऐपत आहे, त्यांनी हा पक्षी अवश्य पाळावा आणि मुलांना त्याच्या सेवेत सहभागी करून घ्यावे. ज्यांच्याजवळ यांपैकी एकही गोष्ट उणी आहे, त्यांनी मुलाला प्रेमाने नकार द्यावा व त्याचे कारणही सांगावे. त्याच्या हाताने सज्जात मातीच्या भांड्यात पाणी ठेवावे. तहानलेल्या चिमण्या व साळुंक्या तेथे येतील आणि पाणी पिऊन उडून जातील. मुक्या जिवांचे हक्क ओळखण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.