हट्ट, सोशिकता आणि चिकाटी

'चिकाटी'ला इंग्रजी शब्द काय, असे शाळेतल्या मुलांना विचारले की पर्सिस्टन्स, टेनॅसिटी, पर्सिव्हिअरन्स अशी यादी ती एका दमात म्हणून दाखवतात. अर्थ एकच समजून ती पाठ केलेली असते. पण हे शब्द सारखे नाहीत. त्यांतले काही डॉक्टरांच्या रोजच्या वापरातले आहेत आणि त्यांतला फरक कळला, तर लांबचा औषधोपचार कसा पार पाडावा हेही कळते.

'पर्सिस्टन्स' म्हणजे नुसते टिकून राहणे. त्यात चांगले-वाईट काही नाही. माणूस कामावर टिकतो, तसा आजारही टिकतो. केसपेपरवर 'पर्सिस्टंट कफ' लिहितात ते याच अर्थाने. (येथे कफ म्हणजे खोकला, आपला कफ नव्हे.) खोकला दोन आठवडे हटला नाही, तर क्षयासाठी तपासणी करून घ्यावी.

'टेनॅसिटी'च्या मुळाशी धरून ठेवण्याचा अर्थ आहे. घोरपडीची पकड म्हणा ना! घशातून सुटता सुटत नाही अशा बेडक्यालाही डॉक्टर 'टेनेशस' म्हणतात. मराठीतही 'चिकाटी' आणि 'चिकट' हे एकाच घरातले शब्द आहेत.

'ऑब्स्टिनसी' म्हणजे हट्ट. कशालाच दाद न देणाऱ्या बद्धकोष्ठाला वैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत हेच विशेषण आढळते. "मला काही झालेले नाही, गोळी नको," असे म्हणणारा रोगीही निश्चयाचा पक्का असतो, पण त्याचा निश्चय चुकीच्या बाजूला असतो.

'एन्ड्युरन्स' म्हणजे सोसणे. मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम होते. 1943 साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. त्याआधी क्षयाच्या रोग्याला मोकळी हवा, विश्रांती, सकस अन्न यांवरच भिस्त ठेवावी लागे. बाकी सोसणेच हाती होते.

आता 'पर्सिव्हिअरन्स'. अडचणी आल्या तरी योग्य ध्येय सोडायचे नाही, मात्र गरज पडल्यास रीत बदलायची. याचे उदाहरण आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे. खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लाला तेथे गादीवर खेळावे लागले होते. घरी येऊन त्यांनी नशिबाला बोल लावला नाही की जुन्याच रीतीचा हट्ट धरला नाही. कसून सराव केला, वरच्या वजनगटात उतरले आणि 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. ध्येय तेच, तयारी नवी. हट्ट आणि चिकाटी यांत फरक आहे तो इतकाच.

क्षयाच्या औषधात हाच फरक जिवाशी येतो. साध्या क्षयाचा उपचार साधारणपणे सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. खरी परीक्षा दोन महिन्यांनंतर असते. खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढते, आणि रोग्याला वाटते, 'आता कशाला गोळ्या?' पण बरे वाटणे आणि बरे होणे या दोन गोष्टी आहेत. उरलेले जंतू पुन्हा वाढतात. औषध मध्येच सोडले, कधी घेतले कधी नाही असे केले, तर त्याला न जुमानणारे जंतू माजण्याचा धोका असतो. मग उपचार अवघड होतात आणि तेच जंतू घरच्यांनाही लागू शकतात.

दुसरी चूक सोशिक माणसांची. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. त्याला घाबरू नये. पण डोळे पिवळे दिसू लागले, सारखी उलटी होऊ लागली, नजर अंधुक झाली, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तर मुकाट्याने सोसत बसू नये. तसेच मनाने औषध टाकूनही देऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. औषध कमी-जास्त करायचे, थांबवायचे की बदलायचे, ते डॉक्टर ठरवतील.

रक्तदाब आणि मधुमेहालाही हेच लागू आहे. नियमाने औषध घेण्याला डॉक्टरांच्या भाषेत 'अ‍ॅडहिअरन्स' म्हणतात. त्याचाही मूळ अर्थ चिकटून राहणे! 2003 साली जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवले, की दीर्घ आजारांत श्रीमंत देशांतलेही जवळपास निम्मेच रोगी औषध नीट घेतात. तेव्हा हा दोष केवळ आपल्या खेड्यांचा नाही.

घरात कोणाला क्षयाचा उपचार चालू असेल, तर आज एक काम करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर औषध संपण्याच्या तारखेभोवती गोल काढा आणि गोळी घेतली की रोज एक खूण करा. एखाद्या दिवशी खूण राहिली, तर रोग्यावर रागावू नका. का राहिली ते विचारा आणि दवाखान्यात कळवा. रोग्याच्या चिकाटीला घरच्यांचाही हातभार लागतो.